आत्याची स्कूटर आणि बिनतोंडाचा बडग्या

माझ्या आत्यानं चौसष्टाव्या वर्षी स्कूटर घेतली. मोतिया रंगाची, आरशांना लाल गोंडे बांधलेली. शोरूमच्या माणसानं गाडी दारात आणून उभी केली तेव्हा काकानं विचारलं, आता ही चालवणार कोण? आत्या म्हणाली, "मी." काका हसला. मी हसले. पूजेचं ताट घेऊन आलेली शेजारीण तर नारळ छातीशी धरून हसली. आत्याही आमच्यात सामील झाली, पण किल्ली मात्र तिनं कोणाच्या हातात दिली नाही.

तिला गाडी कशासाठी हवी होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचा सगळा धिंगाणा कशासाठी होता ते कळायचं नाही. आमचं घर कोष्ट्यांचं. आजोबांचा हातमाग त्यांच्यासोबतच गेला आणि पुढची पिढी मिळेल त्या नोकरीला लागली. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, मनपाच्या शाळेत शिकवून रिटायर झाली. स्वतःचा पगार, स्वतःची पेन्शन, स्वतःची मतं. पण या सगळ्या वर्षांत तिचं एक वाक्य काही सुटलं नाही: "मले कोणी सोडून देते का?" बाजारात, दवाखान्यात, उमरेडला थोरल्या बहिणीकडे. पर्स खांद्याला अडकवून, चपला घालून ती दाराशी उभी राहायची आणि घरातला प्रत्येक पुरुष अचानक फार कामाचा होऊन जायचा. मी स्वतः इथंच नागपुरात, धंतोलीत एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. आलेल्या प्रत्येक बाईला विचारते, सोबत कोण आहे? आणि ती मान वळवून मागे बघते. मला तेव्हा आत्याच दिसते.

तर आत्याला एकटीला उमरेडला जायचं होतं. मनात आलं की निघायचं, बहिणीच्या अंगणात जाऊन हॉर्न वाजवायचा आणि परत कधी येणार ते कोणाला सांगायचं नाही. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी ती चौसष्ट वर्षं थांबली होती.

शिकवणी सकाळी मैदानावर सुरू झाली. शिकवणारी मी, म्हणजे आनंदीआनंदच. आत्याला सरळ जायला आवडायचं. वळणं तिला मान्य नव्हती. ती निघाली की सरळच जायची आणि समोर जे कोणी असेल त्यानं बाजूला व्हायचं. मी मागे बसून दोन्ही हातांनी तिची कंबर धरायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. देव बदलत गेले, आत्याची दिशा बदलली नाही. एका सकाळी तिनं मला उतरवलं, "तू बसली की गाडी घाबरते" म्हणाली आणि एकटीच निघाली. मी मोबाईल काढला. त्यात जे आलं ते असं: आत्या, तिच्यासमोर क्रिकेट खेळणारी पोक्त मंडळी, मग पांगलेली मंडळी, मग तिन्ही स्टंप घेऊन पुढे निघालेली स्कूटर आणि शेवटी कापलेल्या गवताच्या ढिगात आडवी झालेली आत्या. पंचानं बोट वर करून तिला बाद दिलं. आणि गवतातून तिचा शांत आवाज आला, "ब्रेक आहे, मले माहीत आहे. कुठं आहे थे सांगा."

तो व्हिडिओ मी टाकला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घराचं काही खरं राहिलं नाही. चंद्रपूर, वर्धा, गोंदिया, कुठून कुठून बायका लिहायला लागल्या. कोणी पन्नाशीची, कोणी साठीची, एकीनं तर सुनेची गाडी चोरून शिकायला सुरुवात केली होती. आत्यानं सगळ्यांना उत्तरं दिली, मास्तरणीच्या सुरात, चुका काढून. मग तिला चटकच लागली. सिग्नलला कोणता पाय टेकवायचा, पेट्रोल भरणाऱ्याकडे लक्ष कसं ठेवायचं, मागून हॉर्न मारणाऱ्याला न वळता कसं झापायचं, रोज एक नवा व्हिडिओ. भाजीवाली तिला ओळखायला लागली. कोथिंबीर फुकट मिळायला लागली. काका बाहेर सांगू लागला की गाडीची कल्पना मूळ त्याचीच. आम्ही सगळे त्या दिवसांत जमिनीपासून थोडे वरच चालत होतो.

मग दुसरं खातं आलं. नाव आत्याचंच, मध्ये एक टिंब जास्त. फोटोही तिचाच. पहिल्यांदा त्यावर फक्त तिचं पडणं होतं, बँडच्या तालावर पुन्हा पुन्हा पडणं. आम्ही पोट धरून हसलो आणि सगळ्यात जास्त आत्या हसली. मग तिचं डोकं म्हशीला लावलं. तेही चाललं. मग एके दिवशी तिचं तोंड एका अर्ध्या कपड्यातल्या नाचणाऱ्या बाईला लावलेलं होतं आणि तिच्याच आवाजात, अगदी तिच्याच खर्जातल्या, मास्तरणीच्या आवाजात ती बाई म्हणत होती की या, मी एकटीच राहते. पुढं आमच्या गल्लीचं नाव आणि आत्याचा नंबर. आत्या असं कधी बोलली नव्हती. मशीननं तिचा आवाज शिकून घेतला होता. तिच्याच व्हिडिओंतून, फुकटात.

त्या रात्रीपासून अनोळखी फोन सुरू झाले. दोन दिवसांनी कोणीतरी मोटरसायकलवरून खिडकीखाली थांबून शीळ घातली. आत्यानं जुनी चादर काढली आणि स्कूटरवर टाकली. मी विचारलं, काहून झाकून राहिली? म्हणाली, धूळ बसते. मग पर्स खांद्याला अडकवून दाराशी येऊन उभी राहिली आणि काकाला म्हणाली, "मले बँकेत सोडून देते का?" मला इतका राग आला की पोळपाटावरची पोळी मी तशीच कणकेच्या गोळ्यात परत दाबली.

राग माझ्या नाकावर असतो आणि तो आला की मी आधी हात चालवते, डोकं नंतर. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: आत्याच्या नावाच्या खात्याची सगळ्यांनी मिळून तक्रार करा, आत्ताच्या आत्ता, एकालाही झोपू देऊ नका. आमचे लोक एरवी लग्नाची तारीख विचारली तरी आठ दिवस उत्तर देत नाहीत. त्या दिवशी मात्र सगळे पेटले. उमरेडहून, भिवापूरहून, पुण्याहून, दुबईच्या भाच्याकडून, धडाधड. कळमेश्वरच्या कारखान्यातल्या चुलतभावानं तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पाळीला मोबाईल काढायला लावले. "केलं", "केलं", "मी दोनदा केलं", "माह्या सासूनंही केलं." मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होते. एवढं एकमत आमच्या घराण्यात आजोबांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच झालं असेल.

संध्याकाळी खातं बंद झालं. आत्याचं.

झालं होतं असं की मी लिंक पाठवलीच नव्हती, फक्त नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी नाव शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते दाबलं आणि सगळ्यात वर आली ती खरी आत्या, कारण तिलाच जास्त लोक बघत होते. टिंबवाली खाली मजेत नाचत राहिली. आत्याला सांगायला कोणी तयार होईना. शेवटी मीच सांगितलं. तिनं विचारलं, "कळमेश्वरच्या पाळीत किती जण असतात वं?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं, ते आलं ते थांबेचना. मी आधी रडत होते, मग तिच्यासोबत हसायला लागले. काकू बाहेर येऊन म्हणाली, बह्याड झाल्या दोघी.

खातं परत मिळवायचं तर कंपनीला सिद्ध करून दाखवायचं होतं की ही आत्याच आहे. मोबाईलसमोर बसून मान डावीकडे करा, उजवीकडे करा, वर बघा. आत्यानं डोक्याला तेल लावलं, इस्त्रीची साडी नेसली. यंत्र म्हणालं, चेहरा स्पष्ट नाही. पुन्हा मान डावीकडे. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी तिनं यंत्राला विचारलं की तुला नाचणारी आत्या ओळखू येते अन् बसलेली येत नाही का? तिला स्वतःला सिद्ध करायला लागलं आणि खोटीला कोणी मान वळवायला सांगितली नाही, या गोष्टीचा मला आजही संताप आहे. कंपन्यांची यंत्रं हुशार असतील, पण कोणावर संशय घ्यायचा ते त्यांना अजून शिकवलेलं नाही.

मग आम्ही सायबर पोलीस ठाण्यात गेलो. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, या वयात कशाला हे धंदे. तसं काही झालं नाही. समोर तिशीतली एक फौजदार बाई होती, नागपूरचीच, तिनं आत्याला आधी पाणी दिलं आणि मग मला झापलं. पुरावा कुठं आहे? मी रागाच्या भरात फोनमधलं सगळं पुसून टाकलं होतं, घरात घाण नको म्हणून. ती म्हणाली, चोर पळाल्यावर तुम्ही पायाचे ठसे पुसले आणि वरून फिनाईल टाकलं. नशिबानं खोटं खातं अजून चालूच होतं. तिनं प्रत्येक व्हिडिओची लिंक, तारीख, स्क्रीनवरचं चित्र, सगळं नीट उतरवून घेतलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आत्याच्या स्वतःच्या नावानं लिहायला लावलं की हा माझा चेहरा आहे, माझी परवानगी नाही. माझ्या अख्ख्या खानदानानं जे केलं नव्हतं ते त्या एका अर्जानं केलं. दुसऱ्या दिवशी टिंबवाली गायब.

मी मात्र तेवढ्यावर शांत होणारी नव्हे. मी फौजदार बाईंना म्हटलं, खाली घाण लिहिणाऱ्या सगळ्यांना आत टाका. त्यांनी समजावलं की ट्रोलिंग नावाचं कलम नाही. दुसऱ्याचं तोंड लावून फिरणं, अश्लील व्हिडिओ बनवणं, धमकी देणं, मागे लागणं, हे सगळं गुन्हा आहे. पण "म्हातारे, घरी बस" असं कोणी लिहिलं तर तो मूर्ख आहे, गुन्हेगार नाही. पूर्वी एक कलम होतं, त्यात कोणाला काही बोचलं की उचलता यायचं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मी म्हटलं, काहून रद्द केलं, चांगलं होतं की. त्यावर त्यांनी आत्याकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, तुमच्या गल्लीच्या बडग्याच्या पाट्या तुम्हीच लिहिता ना? ते कलम असतं तर सगळ्यात आधी तुम्हाला आणावं लागलं असतं."

हे खरं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रोगराई घालवायला मारबत राक्षशिणीची मिरवणूक निघते, मागे गल्लीगल्लीचे बडगे. बांबू, गवत आणि कागदाचे मोठमोठे पुतळे. वर्षभर ज्या गोष्टीनं लोकांना छळलं तिचं सोंग करायचं, गळ्यात पाटी घालायची, वाजतगाजत मिरवायचं, शिव्या द्यायच्या आणि शेवटी जाळायचं. आमच्या गल्लीच्या पाट्या वीस वर्षं आत्याच्या हातच्या. खड्डे, डास, वीजबिल, नगरसेवक, तिनं कोणाला सोडलं नव्हतं. शेजारी बसून पुतळ्याचं तोंड रंगवायचा आमच्याच गल्लीतला एक फ्लेक्सवाला. ती लिहायची, तो रंगवायचा, मध्ये भज्यांची पुडी. वीस वर्षांची जोडी होती ती.

शेवटी यंत्राला आत्या पटली आणि खातं परत आलं, तेव्हा आम्ही दुसरं शिकलो: ठरावीक शब्द भरून ठेवायचे, म्हणजे ते शब्द असलेल्या प्रतिक्रिया आपोआप लपतात. यंत्राला इंग्रजी शिव्या पाठ होत्या, हिंदी थोड्याफार, पण नागपूरच्या शिव्यांसमोर ते अगदीच बाळ निघालं. मग एका रविवारी सगळं घर शिकवायला बसलं. काका, जो देवघरात चपला चालू देत नाही, डोळे मिटून एकेक सांगत होता. काकूनं दोन अशा सांगितल्या की काकानं डोळे उघडले. इतक्या वर्षांच्या संसारात हे तुला कुठून माहीत, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्या आईकडून. मी मराठी अक्षरांत भरत होते, इंग्रजी अक्षरांत भरत होते, चुकीच्या अक्षरांत भरत होते. पोट दुखेपर्यंत हसलो. आठवडाभरानं उमरेडच्या थोरल्या बहिणीचा रुसका फोन आला की माझं लिहिलेलं तुले दिसत नाही का. ती आत्याला लहानपणापासून प्रेमानं भैताडच म्हणते. तिच्यासाठी तो एक शब्द बाहेर काढावा लागला.

एवढं होऊनही चादर काही निघाली नाही. आता तिच्या खात्यावर घाण दिसत नव्हती, फोन थांबले होते, पण आत्या गाडीला हात लावत नव्हती. मी भांडले. तेव्हा ती बोलली. "रस्त्यावर जो दिसते त्यानं पाह्यलं असंल असं वाटते. भाजीवाला पाह्यते, तं माह्या तोंडाकडे पाह्यते का थ्या बाईच्या अंगाकडे, मले समजत नाही." फिल्टर शब्द लपवतो, अर्ज व्हिडिओ काढतो, पण लोकांच्या डोळ्यांचं काय करायचं ते कुठल्याच कायद्यात सापडेना.

पोळा आठवड्यावर आला असताना फौजदार बाईंचा फोन आला. माणूस सापडला होता. कंपनीनं खात्यामागचा मोबाईल नंबर दिला होता. त्यांनी नाव सांगितलं आणि आत्या पायरीवर खाली बसली. तो आमचा फ्लेक्सवाला होता.

संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला. त्याचा फोन आणि कॉम्प्युटर पोलिसांनी आधीच नेले होते. गल्लीतली जाणती मंडळीही मागोमाग आली, समेट करायला. तो खाली मान घालून म्हणाला की सुरुवातीला गंमतच होती, तुम्हीही हसल्या होत्या. मग बघणारे वाढत गेले, तसं त्यालाही थांबवेना. आवाजाचं यंत्र नवीन होतं, करून बघावंसं वाटलं. आणि मग त्यानं ते वाक्य म्हटलं, आणि मला वाटतं त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं: "आपण बडग्यावर करतो तसंच केलं, बाई. वेगळं काय केलं?"

माझा हात उचलला गेलाच होता. आत्यानं तो धरला. ती चिडली नव्हती. शाळेत वर्ग गप्प करायची तशी बोलली.

"आपण पाटी लिहितो, तं पाटीखाली उभे राह्यतो गा. ज्याच्यावर लिहिली थो माह्या दारात येऊन भांडू शकते. नगरसेवक आलाच होता, तूच चहा आणला त्याले. अन् बडग्या संध्याकाळी जळते. तू केला थो मी कुठं नेऊन जाळू? सांग."

त्याची बायको रडायला लागली आणि मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, जे मला वाटून घ्यायचं नव्हतं.

जाणती मंडळी म्हणाली, आपलाच माणूस आहे, तक्रार मागे घ्या, बिचाऱ्याचं दुकान बसेल. आत्या म्हणाली, तक्रार राहील. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल, आपण बोलल्यानं ते बदलायचं नाही आणि गप्प राहिल्यानंही नाही. मंडळी हात हलवत गेली. ती गेली तशी मंडळाचे उत्साही गडी आले. त्यांना वेगळाच चेव होता. यंदाच्या बडग्याला ह्याचंच तोंड लावू, पूर्ण शहरात फिरवू, त्याचा फोटो मोठ्ठा छापून आणू. माझं तर अंग नुसतं नाचायला लागलं. मी म्हटलं, मी स्वतः पाटी लिहिते. नाव, पत्ता, फ्लेक्सच्या दुकानासकट.

आत्यानं तेही होऊ दिलं नाही. "पोलिसात तक्रार आहे ना माही? मग तोंड कायले पाह्यजे? त्याले लेकरं आहेत. थे उद्या शाळेत जातीन." मी तिच्याशी तास दीड तास भांडले. तिला लेचीपेची म्हटलं. ती म्हणाली, लेचीपेची असती तं तक्रार मागे घेतली असती. यावर मला पुढं काही सुचेना, आणि ज्या भांडणात मला पुढं सुचत नाही ते भांडण मी हरलेलं असतं.

मग बडग्याला तोंड कोणाचं? आणि रंगवणार कोण, रंगवणारा तर गेला होता. आत्या कागद घेऊन बसली. खात्यावर ज्यानं फोटो लावलेला नसतो त्याच्या जागी एक राखाडी गोळा आणि खांदे दिसतात, ना नाक, ना डोळे, तेच तिनं काढलं. गडी म्हणाले, हे काय, ह्याला शिव्या कशा द्यायच्या, हा दिसतच नाही. आत्या म्हणाली, तोच तर रोग आहे. झालं, कामाला लागले सगळे. दोन मजली राखाडी गोळा, आत पेंढा, राखाडी कोट, दोन्ही हातांत दोन मोबाईल. मी चिखलात उभी राहून कागद चिकटवायची खळ शिजवली. काकूनं खांदे शिवले. आम्ही इतक्या जोरात होतो की शेजारच्या गल्लीचे लोक आमचा बडग्या बघायला चोरून येऊ लागले. पाटी आत्यानं लिहिली, वीस वर्षांतली सगळ्यात छोटी: "तोंड दाखव."

मारबतीच्या सकाळी गल्ली डोळ्यांत मावत नव्हती. ताशे, गुलाल, पिपाण्या, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर डुलणारा तो बिनडोळ्यांचा राक्षस. बायाबापड्या त्याला मनसोक्त शिव्या देत होत्या. शिव्या द्यायला काही अडचण आली नाही, गड्यांची भीती उगाच होती. मी तर आम्ही फिल्टरमध्ये भरलेल्या सगळ्या एका दमात म्हणून टाकल्या, काकाच्या समोर. आणि मागे वळून बघते तर आत्या अंगणात. चादर तिच्या हातात. स्कूटर उघडी.

"बस मागं," म्हणाली.

मी बसले. तिनं हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि गाडी गल्लीत काढली, बडग्याच्या पुढे. गर्दीत चालवायचं म्हणजे मुंगीच्या चालीनं, आणि मुंगीची चाल हीच तिला कधी जमलेली नव्हती. पण जमली. ताशेवाले बाजूला झाले. "आत्या, आत्या" असा गलका उठला. मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि मी तिची कंबर इतकी घट्ट धरली होती की तिला श्वास घेता येत नसावा. असं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यावर आलो.

आणि तिथं मोबाईल होते. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर, झाडावर, सगळे हात वर आणि सगळ्या हातांत मोबाईल, सगळे आमच्याकडे वळलेले. आत्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. तिनं हेल्मेटची काच खाली ओढायला हात नेला, ती आधीच खाली होती. मागून बडग्या येऊन आमच्या डोक्यावर थांबला, ताशे थांबले, आणि मी मनात म्हटलं, उलटी फिरवते आता गाडी, घरी नेते, चादर टाकते. मीच तिच्या कानाशी म्हटलं, चल, जाऊ परत. कोणी काही म्हणणार नाही.

सगळ्यात जवळ एक कॉलेजातली मुलगी होती, मोबाईल धरलेली. तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण तिनं हात खाली घेतला आणि विचारलं, काकू, नको का काढू?

आत्यानं हेल्मेटची काच वर केली. घामानं टिकली सरकली होती. ती तिनं बोटानं नीट बसवली.

"काढ वं," ती म्हणाली. "पण नीट काढ. माहं तोंड दिसलं पाह्यजे."

मुलीनं मोबाईल उचलला. आत्या तिच्याकडे बघून थांबली, पुरती, फोटो नीट येईपर्यंत. मग तिनं मला घट्ट धरायला सांगितलं आणि उमरेडचा रस्ता कोणत्या बाजूला पडतो ते विचारलं.